किल्लीच्या घड्याळांचा अभ्यास : प्रस्तावना

जुने मनगटी घड्याळ खरोखर दुरुस्त झाले की नाही, हे कळायला निदान एक दिवस जातो. चाल मोजण्याच्या यंत्रावर ठेवले तर अर्ध्या मिनिटात आकडे दिसतात, पण ते आकडे त्या अर्ध्या मिनिटाचेच असतात. पूर्ण किल्ली दिलेली असताना घड्याळ एका चालीने चालते आणि वीस तासांनी स्प्रिंग सैल पडत आली की दुसऱ्या. टेबलावर उताणे ठेवलेल्या घड्याळाची चाल आणि मनगटावर उभे-आडवे होणाऱ्या घड्याळाची चाल सारखी नसते. म्हणून कसलेला घड्याळजी काम संपल्यावरही घड्याळ लगेच हातात देत नाही, ‘आठ दिवसांनी या’ म्हणतो. गिऱ्हाइकाला ती चालढकल वाटते. खरे तर त्या आठ दिवसांत घड्याळ रोज ठरल्या वेळी पाहिले जाते, किंचित सुधारले जाते आणि पुन्हा चोवीस तास सोडून दिले जाते. जे यंत्र काळ मोजते त्याची परीक्षा काळ जाऊ दिल्याशिवाय होत नाही.

धीर हा स्वभावाचा गुण, तो असतो किंवा नसतो, असे आपण सहसा धरून चालतो. या क्षेत्रात मात्र धीर कामाच्या रीतीत बसवलेला असतो आणि रीत कुणालाही शिकता येते, उतावळ्या माणसालासुद्धा. जुनी घड्याळे जमवण्याची आणि ती चालती करण्याची नुकतीच ओढ लागलेल्या वाचकाचे म्हणूनच मनापासून स्वागत आहे. अभियांत्रिकीची पदवी लागत नाही आणि फार पैसेही लागत नाहीत. नजर लागते, वही लागते आणि हात मागे घेण्याची तयारी लागते.

आधी यंत्राविषयी थोडेसे. आपण किल्ली देतो तेव्हा बॅरलमधली मुख्य स्प्रिंग गुंडाळली जाते. ती उलगडताना चाकांच्या साखळीतून जोर पुढे सरकतो आणि एस्केप व्हीलपाशी अडतो. तिथे पॅलेट नावाचा छोटा काटा त्या चाकाचा एकेक दात अडवतो आणि सोडतो. किती वेळाने सोडायचा, हे बॅलन्स व्हील आणि त्याची केसाहून बारीक हेअरस्प्रिंग ठरवतात. बॅलन्सला सर्पिल स्प्रिंग जोडण्याची कल्पना ख्रिस्तियान हायगेन्सने १६७५ मध्ये मांडली आणि पॅलेटच्या लिव्हरची रचना अठराव्या शतकाच्या मध्यावर थॉमस मज या इंग्रज कारागिराने केली. आपल्याकडे सापडणाऱ्या बहुतेक जुन्या घड्याळांत बॅलन्स तासाला १८,००० ठोके देतो, म्हणजे सेकंदाला पाच आणि दिवसाला ४,३२,०००. घड्याळ दिवसात अर्धे मिनिट मागे पडले तर एवढ्या ठोक्यांत फक्त १५० कमी भरले. पन्नास-साठ वर्षांचे, कुणाच्या तरी घामाने काळवंडलेले यंत्र एवढा हिशेब पाळते, हे मला आजही आश्चर्याचे वाटते. या छंदाकडे मी ओढला गेलो तो याच आश्चर्यामुळे.

मराठी वाचकाला हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. भारतातल्या घड्याळ-व्यापाराचा मोठा भाग मुंबईतून झाला. स्वित्झर्लंडमधल्या ल लोक्ल गावी १७३७ पासून घड्याळे करणाऱ्या फाव्र-ल्यूबाने १८६५ मध्ये मुंबईत पेढी उघडली. वेस्ट एंड वॉच कंपनीचे नाव १८८६ पासून इथल्या बाजारात दिसते आणि तिची ‘सोवार प्रायमा’ घड्याळे फौजेतल्या माणसांच्या मनगटावर मोठ्या प्रमाणात होती. फाव्र-ल्यूबाची ‘सी चीफ’ आणि ‘सी किंग’ आजही जुन्या कपाटांतून निघतात. याच कंपनीने १९६२ मध्ये उंची आणि हवेचा दाब दाखवणारे ‘बिव्हॅक’ काढले होते. ते मात्र हाती लागणे दुर्मीळ.

मग एच.एम.टी. आली. बंगळुरूच्या सरकारी कारखान्यात जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ मध्ये मनगटी घड्याळे तयार होऊ लागली. ‘जनता’, ‘पायलट’, ‘सोना’, ‘जवान’, ‘कोहिनूर’, ‘कांचन’ ही नावे एका पिढीला शाळेच्या हजेरीपटासारखी पाठ आहेत. लग्नात जावयाला, दहावी-बारावीच्या निकालानंतर मुलाला, निवृत्तीच्या समारंभात साहेबांना एच.एम.टी. दिली जायची. सकाळच्या बातम्यांआधी आकाशवाणीवर वेळेचे ठोके वाजत, त्यावर ती लावली जायची. क्वार्ट्झ घड्याळांची सुरुवात सायकोने १९६९ च्या डिसेंबरात टोकियोत केली होती. टायटनची क्वार्ट्झ घड्याळे १९८७ मध्ये बाजारात आल्यावर किल्लीचे घड्याळ आपल्याकडेही मागे पडले. एच.एम.टी.चा घड्याळ-व्यवसाय बंद करण्याचा निर्णय २०१६ मध्ये झाला. आता तिचे जेवढे सुटे भाग शिल्लक आहेत तेवढ्यांतच सर्वांना भागवायचे आहे. ही गोष्ट लक्षात ठेवली की पुढचा बराचसा आग्रह आपोआप पटेल.

नवख्याने सुरुवात ‘जनता’पासून करावी. घड्याळ साधे, सतरा ज्वेलचे (माणकांचे), मजबूत आणि अजूनही परवडणारे. पण विकत घेण्याआधी पाहायला शिकावे. पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार, मुंबईत चोर बाजार, आपापल्या गावातली घड्याळाची जुनी दुकाने, नातेवाइकांची कपाटे जिथे मिळेल तिथे पाहावे, हातात घ्यावे, फोटो काढावेत आणि परत द्यावे. काही महिने असे काढले की डोळ्याला काही गोष्टी न सांगता दिसू लागतात.

पहिली दिसते ती डायल. परदेशी संग्राहक ज्यांना ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात ती घड्याळे मी खूप पाहिली आहेत. जुने स्विस किंवा एच.एम.टी. मशीन, कुठल्या तरी दुसऱ्या घड्याळाची केस, तिसऱ्याचे काटे आणि वर नव्याने रंगवलेली झगझगीत डायल. भगवी, पोपटी, निळी, जी मूळ कंपनीने कधी काढलीच नव्हती. आपल्या शहराचे नाव अशा मालाला चिकटले याचे वाईट वाटते. तरी त्यामागच्या कारागिरांवर अन्याय होता कामा नये. परदेशी माल आणि सुटे भाग दुर्मीळ होते त्या काळात डाग पडलेली डायल नवी करून मागणारे गिऱ्हाईक फसवले जात नव्हते, त्याला लग्नाला जाण्याजोगे घड्याळ हवे होते. हाताने, बारीक कुंचल्याने किंवा रबरी ठशाने एवढी अक्षरे उमटवणारे हे लोक हुनरी होते. फसवणूक सुरू होते ती असे घड्याळ ‘अगदी मूळ अवस्थेतले’ म्हणून विकले जाते तेव्हा.

ओळखायचे कसे? भिंग घ्या आणि मिनिटांच्या बारीक रेघा पाहा. मूळ डायलवर बाराची रेघ बाराच्या खुणेच्या बरोबर मध्यावर येते आणि सर्व रेघांची जाडी सारखी असते. रंगवलेल्या डायलवर रेघा कुठे तरी खुणेला सोडून जातात. नाव लिहिलेल्या अक्षरांच्या कडा पाहा, शाई पसरलेली दिसते का. सहाच्या खाली डायलच्या कडेला देशाचे नाव आहे का, आणि ते केसच्या कडेखाली अर्धे लपले आहे का, ते पाहा. छोट्या सेकंदकाट्याचे वर्तुळ त्याच्या आसाशी नीट जुळते का, तेही पाहा. आणि एक प्रश्न नेहमी विचारा : डायल नवी कोरी आणि काटे, केस, क्राउन (किल्ली देण्याचे बटण) सगळे झिजलेले, हे कसे? या घड्याळांचे वय सगळ्या अंगांवर थोडेफार सारखे उतरते. जिथे ते उतरलेले नाही तिथे कुणाचा तरी हात लागला आहे.

आता उघडण्याविषयी, कारण खरे नुकसान इथेच होते. त्यातही बरेचसे अशा वेळी होते जेव्हा उघडण्याची गरजच नसते. काल बरे चालणारे घड्याळ आज एकदम दहा मिनिटे पुढे जाऊ लागले, तर आतले काही मोडले असण्यापेक्षा हेअरस्प्रिंगला चुंबकत्व आले असण्याची शक्यता जास्त. फोनच्या किंवा स्पीकरच्या चुंबकाने तिचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ धावते. होकायंत्र जवळ नेऊन पाहावे, सुई हलली तर चुंबकत्व काढणाऱ्या छोट्या यंत्रावर काही सेकंदांचे काम. तसेच ‘किल्ली जास्त बसली म्हणून बंद पडले’ हे सर्वत्र ऐकू येणारे निदान. निरोगी घड्याळ पूर्ण किल्ली दिल्याने बंद पडत नाही. पूर्ण किल्ली असून ते थांबले असेल, तर बहुतेक वेळा आतले तेल वाळून डिंकासारखे झालेले असते.

उघडायचेच असेल तर पहिले काम स्प्रिंगमधला जोर सोडण्याचे. एका हाताने क्राउन धरायचा, दुसऱ्याने स्प्रिंग रोखून धरणारी अडकवणी मागे सारायची आणि क्राउन बोटांतून सावकाश उलटा फिरू द्यायचा. जोर न सोडता पॅलेट काढली तर सगळी चाके एका झटक्यात सुसाट फिरतात आणि आसांची टोके मोडतात. त्यानंतर बॅलन्स, मग पॅलेट, मग चाकांवरचा ब्रिज. प्रत्येक पायरीला फोटो घ्या आणि प्रत्येक स्क्रू काढलेल्या क्रमाने वेगवेगळ्या खणात ठेवा. वरवर सारखे दिसणारे दोन स्क्रू लांबीला किंचित वेगळे असतात, आणि लांब स्क्रू आखूड जागी बसवला तर तो खालच्या चाकाला टेकतो.

एक स्क्रू मला सगळ्यांत बोलका वाटतो. क्राउनला जोडलेल्या चाकावरचा स्क्रू बऱ्याच घड्याळांत उलट्या आट्यांचा असतो, कारण किल्ली देताना ते चाक फिरते आणि सरळ आटे असते तर स्क्रू सैल होत गेला असता. काही कारखाने तो ओळखू यावा म्हणून त्यावर एकाऐवजी तीन खाचा ठेवतात, सगळेच नाही. स्क्रू निघेना म्हणून जोर लावणाऱ्याच्या हातात त्याचे डोके तुटून येते आणि उरलेला भाग ब्रिजमध्ये अडकतो. जुने मशीन भिंगाखाली धरले की या स्क्रूपाशी पोलादी पात्याचे ओरखडे हमखास दिसतात. आधी इथे कोण बसले होते, किती घाईत होते, ते त्यांवरून कळते. स्क्रू निघत नसेल तर थांबावे, त्या मशीनची माहिती शोधावी, दुसऱ्या दिवशी पुन्हा बसावे.

धुण्यातही असेच. पॅलेटवरची दोन माणके आणि बॅलन्सच्या खालचे छोटे माणिक लाखेने चिकटवलेले असते. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. इतर भागांबरोबर पॅलेटही स्पिरिटमध्ये भिजत टाकली तर माणके सुटून येतात, आणि ती पुन्हा मूळ खोलीवर बसवणे हे काम फार थोड्यांना जमते. तेलाचे प्रमाण तर नवख्यांना पटतच नाही. ज्वेलभोवतालच्या खोलगट जागेत अर्ध्याहून थोडे अधिक भरेल एवढाच थेंब, सुईच्या टोकावर मावणारा. जास्त तेल टाकले तर ते पसरून बाहेर ओढले जाते आणि जिथे हवे होते ती जागाच कोरडी पडते. पॅलेटच्या आसांना सहसा तेल देत नाहीत आणि हेअरस्प्रिंगला तर कधीच नाही. आणि चालते आहे म्हणून सगळे ठीक आहे असे समजू नये. वाळलेल्या तेलात घड्याळ अनेक वर्षे चालते, पण त्या काळात आसांची टोके झिजत राहतात, आणि झीज भरून निघत नाही.

इथून प्रश्न तंत्राचा राहत नाही. काय बदलायचे आणि काय तसेच ठेवायचे? जुन्या वास्तूंच्या जतनासाठी १९६४ मध्ये व्हेनिसला जी सनद झाली, तिने जिथे अंदाज सुरू होतो तिथे पुनर्निर्मिती थांबली पाहिजे, असा नियम घातला. तो मोठमोठ्या देवळा-चर्चसाठी होता, पण चौतीस मिलिमीटरच्या डायललाही तो तंतोतंत लागू पडतो. माझे मत स्पष्ट आहे. तेल, स्प्रिंग, काच, पट्टा ही झिजणारी सामग्री आहे, ती बदलावी. मशीन उघडून स्वच्छ करावे, कारण ते चालण्यासाठीच केलेले आहे. केस घासून गुळगुळीत करू नये : क्रोम चढवलेल्या पितळी केसवरचा क्रोम एकदा गेला की पितळ उघडे पडते आणि मुंबई-कोकणच्या दमट हवेत, घामात, ते लवकर खाल्ले जाते. डायलला शक्यतो हात लावू नये. डाग पडलेली, पिवळसर झालेली मूळ डायल हा पुरावा आहे. कोणत्या वर्षी कारखाना कोणती अक्षरे वापरत होता, देवनागरीत ‘जनता’ कशी लिहिली जायची, रंग कोणते होते, हे आपल्याला त्या डायलांवरूनच कळते. रंगवलेली प्रत्येक डायल त्या नोंदीतून एक पान फाडते.

पण एक मुलगी वडिलांचे घड्याळ घेऊन येते. डायलवर पाणी शिरून आकडेच उरलेले नाहीत आणि तिला ते रोज घालायचे आहे. तिला पुराव्याचे तत्त्वज्ञान ऐकवणे बरोबर नाही. अशा वेळी दुसऱ्या एखाद्या मोडक्या घड्याळाची बरी डायल मिळेपर्यंत थांबावे, ती बसवावी आणि वडिलांची डायल खरवडू न देता कागदी पाकिटात, वर तारीख लिहून, तिच्याच हवाली करावी. अशी डायल मिळायला महिने लागतात, कधी वर्षही. माझ्या मते एवढा उशीर योग्य आहे.

एक इशारा द्यायलाच हवा. १९६० च्या दशकापर्यंतच्या अनेक घड्याळांच्या काट्यांवर आणि आकड्यांवर अंधारात चमकणारा रंग रेडियमचा असतो. आज तो चमकत नाही, कारण त्यातले झिंक सल्फाइड निकामी झालेले असते. रेडियमचे अर्धे आयुष्य मात्र सुमारे १,६०० वर्षांचे आहे. तो रंग खरवडू नका, त्याची भुकटी श्वासात जाऊ देऊ नका आणि अशी घड्याळे जेवणाच्या टेबलावर उघडू नका. अमेरिकेत १९२० च्या दशकात कुंचल्याचे टोक ओठांत धरून अशा डायल रंगवणाऱ्या कामगार मुलींनी त्याची किंमत प्राणांनी मोजली.

शेवटी ज्यांच्याकडून हे सगळे शिकायचे त्यांच्याविषयी. तालुक्याच्या गावात, बसस्थानकासमोर, काचेच्या छोट्या पेटीमागे डोळ्याला भिंग लावून बसलेले घड्याळजी अजून आहेत, पण त्यांच्यातल्या अनेकांच्या जागा मोबाइलच्या दुकानांनी घेतल्या आहेत. कोणत्या मशीनचा कोणता भाग कोणत्या दुसऱ्यात चालतो, हे त्यांना पाठ असते आणि ते कुठे छापलेले नसते. दुरुस्ती केली की मागच्या झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने तारीख आणि खूण कोरायची त्यांची जुनी पद्धत आहे. काही झाकणांवर अशा चार-पाच नोंदी एकाखाली एक सापडतात : त्या घड्याळाचा दवाखान्याचा कागदच. ते झाकण पॉलिश करायला देऊ नका. आणि घड्याळजींकडे जाल तेव्हा घाईत जाऊ नका. दुपारी, गिऱ्हाईक कमी असताना जा, चहा सांगा, त्यांच्या हातांकडे पाहा. विचारलेल्या प्रश्नांपेक्षा न विचारलेल्या गोष्टींची उत्तरे तिथे जास्त मिळतात. त्यांच्या परवानगीने ती लिहून ठेवा.

आणि वाचकाला एक विनंती. तुमच्या घरातही बहुधा एखादे बंद घड्याळ असेलच, आजोबांचे किंवा आईचे. ते लगेच उघडू नका, किल्ली देऊन पाहू नका, दुरुस्तीलाही टाकू नका. ते कुणी, कोणत्या वर्षी, कुठून घेतले, कोणत्या निमित्ताने, हे सांगू शकणारे माणूस घरात असेल तर आज संध्याकाळी त्यांच्याशेजारी बसा आणि सांगतील तसे तारखांसकट लिहून घ्या. बिल किंवा गॅरंटी कार्ड सापडले तर तेही त्याच पाकिटात ठेवा. घड्याळ आणखी वर्षभर थांबू शकेल.